एक जूनची माणसे

आपण जन्मलो आहोत याविषयी माणसाला सहसा शंका येत नाही. मलाही एकाहत्तर वर्षे ती आली नव्हती. सकाळी उठावे, चहा घ्यावा, प्रवरेच्या पुलापर्यंत फेरी मारून यावे, वर्तमानपत्र वाचून जगाविषयी आपले मत थोडे आणखी वाईट करून घ्यावे, असा आमच्या सेवानिवृत्तीचा क्रम सुखेनैव चालला होता. हे सारे करणारा इसम मुळात जन्मला होता काय, असे कोल्हारात मला कोणीही विचारले नाही. तो प्रश्न विचारला अमेरिकेच्या सरकारने, आणि तोही अगदी सौजन्याने.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव गेली वीस वर्षे न्यू जर्सीत असतात. आता ते तिकडचे नागरिक झाले आहेत. तिथल्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांवरील नागरिकाला आपल्या आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. भावंडांसाठी अर्ज केला तर कित्येक वर्षे रांगेत उभे राहावे लागते. आईवडिलांना तशी रांग नाही. आम्ही उभयता पाहुणे म्हणून दोनदा जाऊन आलो होतो. सहा महिने राहावे, नातीला गोष्टी सांगाव्यात आणि तिला आमचे मराठी कळू लागले की विमानात बसावे, असा तो प्रकार. यंदा चिरंजीव फोनवर म्हणाले, "अण्णा, रात्री-अपरात्री फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं. तुम्ही दोघंच तिकडं. मी अर्ज करतोय. तुम्ही फक्त कागद गोळा करा."

'फक्त कागद' हे शब्द त्याने ज्या सहजतेने उच्चारले, त्यावरून त्याला गाव सोडून किती वर्षे झाली हे माझ्या ध्यानात आले.

यादी आली. पासपोर्ट, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचा ना-हरकतीसारखा एक दाखला, आणि जो कागद मराठीत असेल त्याचे इंग्रजी भाषांतर. कागद पोस्टाने धाडायचे नाहीत. त्यांच्या प्रतिमा संगणकावरून चढवायच्या आणि मूळ कागद घेऊन मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जायचे. मी यादी वाचून दाखवली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढंच ना? पेटीत असेल की सगळं."

ही पेटी म्हणजे आमच्या घरातले सर्वांत जुने माणूस. पत्र्याची, हिरव्या रंगाची, वडिलांनी घेतलेली. दिवाळीच्या झाडलोटीत ती दरवर्षी बाहेर निघते, तिच्यावरची धूळ पुसली जाते आणि आत न पाहताच ती पुन्हा खाटेखाली सरकवली जाते. यंदा प्रथमच मी तिच्यासमोर मांडी ठोकून बसलो. सातबाराचे उतारे निघाले, विहिरीच्या कर्जाचे कागद निघाले, एका बैलजोडीची पावती निघाली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्याच्या भागाचा वडिलांच्या नावाचा कागद निघाला आणि त्याखाली उसाच्या वजनाच्या पावत्यांची चवडच्या चवड. आमच्या शेतातून गेलेल्या उसाचा टनाटनाचा हिशेब त्या पेटीत होता. मी आणि माझी पत्नी या जगात केव्हा आलो, याची मात्र एक चिटोरीही नव्हती.

यात वडिलांचा दोष नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ सालचा, आणि महाराष्ट्रात तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी खेड्यात कोणाच्या घरी पाळणा हलला तर त्याची खबर कोतवालाच्या पुस्तकात जाई. त्याला 'गाव नमुना चौदा' म्हणतात. पण तिथून दाखला काढून घरी ठेवावा असे कोणाला सुचणार? मूल समोर रांगत असताना ते जन्मल्याचा पुरावा कशाला हवा!

बरे, जन्मलो ते गाव तरी स्थिर असावे! गाव हलले नाही, पण त्याचा पत्ता हलत राहिला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'कोल्हार, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर' असे आहे. १९९९ साली राहाता तालुका झाला आणि आम्ही त्यात गेलो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. म्हणजे जुन्या दाखल्यातला मी आणि नव्या दाखल्यातला मी, यांत गावाचे नाव तेवढे समान. हिचे माहेर पुणतांबे, गोदावरीकाठचे. २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाने ज्याचे नाव देशभर गेले तेच. ते पूर्वी कोपरगाव तालुक्यात होते, तेही राहात्यात आले. लग्नानंतर एकवीस वर्षांनी हिचे सासर आणि माहेर सरकारी हुकमाने एका तालुक्यात आले, पण त्याचा आनंद मानावा असे तेव्हा आम्हा दोघांनाही सुचले नव्हते.

आता एक कबुली द्यायला हवी. मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. १९७४ ते २०११, म्हणजे सदतीस वर्षे. जूनमध्ये शाळा उघडली की आया पोरांना हाताला धरून आणीत. "जन्मतारीख?" असे विचारले की माउली पदर चाचपीत म्हणे, "गुरुजी, दुष्काळात झालं बघा. सुकडी वाटत होते तवा." कोणी म्हणे, "थोरला बैल मेला त्याच साली." आता दुष्काळ १९७२ सालचा हे मला ठाऊक होते, पण थोरला बैल कधी मेला ते मी कुठे पाहावे? पहिलीत घालायला सहा वर्षे पूर्ण हवीत. मग मी पोराच्या दातांकडे पाही, उंचीकडे पाही, मनाशी वर्ष ठरवी आणि ठणठणीत अक्षरात लिही: १ जून. त्या तारखेला सहा वर्षे बरोबर पूर्ण होत. कायदा समाधान पावे, आई समाधान पावे, पोराला पाटी मिळे. माझ्या हातून असे किती जण एक जूनला जन्मले याचा हिशेब नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात जा. एक जूनची माणसे तुम्हांला पारावर, बँकेत, विधानसभेत, सगळीकडे भेटतील. ब्रह्मदेवाने जन्म द्यावा आणि गुरुजींनी तारीख द्यावी, अशी ती वाटणी होती.

माझा स्वतःचा वाढदिवसही १ जून १९५३. माझ्याही गुरुजींनी मला दिलेला.

गावात कागदपत्रांचे सेवा केंद्र चालवणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. मी माझी अडचण सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. "गुरुजी, आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एक जूनला सतरा जणांचा वाढदिवस असतो. केक एकच आणतो आम्ही." मग गंभीर होऊन म्हणाला, "आता तुम्हीच तुमचा वाढदिवस शोधा."

शोध लागलाही. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरे बाहेर निघाली होती. कोतवाल पुस्तकांवरची कित्येक वर्षांची धूळ त्या निमित्ताने झटकली गेली होती. दोन खेपांतच माझी नोंद हाती आली. जानेवारी १९५४. आई म्हणत असे, "भगवतीची यात्रा होऊन तिसऱ्या दिवशी झालास." आमच्या भगवतीमातेची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. जुने पंचांग लावून पाहिले, तर आईचे शब्द अक्षरशः खरे! नोंदीत माझे नाव नव्हते. नुसते वडिलांचे नाव आणि पुढे 'मुलगा'. बारशाआधीच कोतवालाने लिहून टाकलेले असे, म्हणून या पुस्तकांत बहुतेक मुलांना नाव नसते. तरी पण वडिलांना मुलगा मी एकटाच, त्यामुळे वाद नव्हता. एक मात्र झाले. माझी खरी तारीख शाळेच्या तारखेपेक्षा जवळजवळ आठ महिन्यांनी पुढची निघाली. म्हणजे मी जिल्हा परिषदेच्या चाकरीतून आठ महिने आधीच निवृत्त झालो होतो! ही म्हणाली, "आठ महिन्यांचा पगार बुडाला की हो." मी म्हणालो, "आठ महिन्यांनी तरुण झालो, ते नाही का धरत?" तिने ते धरले नाही.

लग्नाचेही जमले. आमचे लग्न १९७८ सालचे. पत्रिका होती, पिवळा पडलेला एक फोटो होता, दाखला नव्हता. १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसेवकांकडे उशिराने नोंदणी करता येते. तीन साक्षीदार लागतात. लग्नात जेवलेली तीन माणसे हुडकणे हे काम सोपे नव्हते. पंगतीतली बरीच मंडळी आता वरच्या पंगतीला गेलेली. अखेर तिघे मिळाले. ही नवे लुगडे नेसून ग्रामपंचायतीत आली, आणि लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाल्यावर मी माझ्या पत्नीशी रीतसर विवाहबद्ध झालो. साक्षीदारांनी पुन्हा जेवण मागितले, ते त्यांना दिले.

राहिला हिच्या जन्माचा दाखला.

हिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर तारीख आहे १ जून १९५७. तिच्याही गुरुजींचा हात माझ्यासारखाच सढळ असावा. पुणतांब्याच्या जुन्या पुस्तकात १९५७ सालची पाने चाळली. मोडी वळणाचे बालबोध अक्षर, कडा खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. आणि मे महिन्यात सापडले! माझ्या सासऱ्यांचे नाव, पुढे 'मुलगी'. एक जूनपासून अवघ्या काही दिवसांचे अंतर. मी मनातल्या मनात त्या गुरुजींना नमस्कार केला. अंदाज असावा तर असा. खरी नक्कल घेतली. लोणीच्या एका प्राध्यापकांकडून भाषांतर करून घेतले; 'कोतवाल' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे यावर त्यांनी दोन कप चहा घेतला आणि शेवटी तो तसाच ठेवला. नोंदीत नाव नाही, तेव्हा ही मुलगी म्हणजेच माझी पत्नी, असे सांगणारे जाणत्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडायचे एवढेच बाकी होते. हिची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, बेलापूरला दिलेली. वय शहात्तर. पाचशे रुपयांचा मुद्रांक घेऊन, कारण आता शंभराचा चालत नाही, आम्ही आक्काकडे गेलो.

मी मजकूर वाचून दाखवला. मे महिना ऐकताच आक्काने हात वर केला.

"गुरुजी, थांबा. मे कुठला? ही दिवाळीची. भाऊबीजेच्या आदल्या रात्री झाली. आई बाजेवर होती म्हणून मीच ओवाळलं होतं दादाला."

"अहो आक्का, पण पुस्तकात मे लिहिलंय. मुलगी. तुमच्या वडिलांचं नाव."

आक्का काही वेळ बोलली नाही. मग आपल्या धाकट्या बहिणीकडे न पाहता म्हणाली, "ती दुसरी. हिच्या आधीची. चालायला लागली होती. तापानं गेली. पुढं तीनच महिन्यांत ही झाली. आई म्हणाली, तीच परत आली. म्हणून तिचंच नाव हिला ठेवलं."

अडुसष्ट वर्षे समजत असलेली माझी पत्नी भिंतीला टेकून बसली होती. हिचे माहेरचे नाव एका नदीचे. लग्नात आमच्याकडे ते बदलले आणि मी माझ्या आवडीचे नाव ठेवले. त्या काळी असेच करीत. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाली, "एक नाव बहिणीचं, एक तुमचं. मग माझं कुठलं हो?" सदतीस वर्षे मी वर्गात उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

पुन्हा पुस्तके काढली. आक्काचे सारे खरे होते. ऑगस्ट १९५८ च्या मृत्यूंत एक ओळ: अमक्याची मुलगी, वय सव्वा वर्ष, कारण ताप. आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये, दिवाळीच्या त्या चार दिवसांत, दुसरी ओळ: सासऱ्यांचे नाव, 'मुलगी'. ती ही. पाच वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा आक्काच्या मागे मागे शाळेत गेली आणि गुरुजींनी तिला सहा वर्षांची करून पहिलीत बसवले.

आता माझ्या मनात जे आले तेही सांगतो, कारण दिवाळी अंकात खोटे लिहू नये. मला वाटले, मेची नोंद पासपोर्टशी जुळते आहे. नोव्हेंबरची जोडली तर दीड वर्षाचा फरक पडतो. त्याचा खुलासा द्यावा लागेल, शंका निघतील, अर्ज लांबेल. नाव दोन्हीकडे नाहीच. कोणत्याही मुलीच्या अंगाला बसेल असे ते अंगडे होते. चिरंजीवही फोनवर म्हणाले, "अण्णा, पहिलीच नोंद लावून टाका ना. कोणाला कळणार आहे? आणि मावशी काही सांगायला जाणार नाहीत." जन्मभर तारखा वाटलेल्या माणसाला यात फारसे गैर वाटले नाही. मी ती नक्कल फायलीत लावली.

हिने ती काढली.

"ही नाही लावायची."

"अगं, नुसता कागद आहे."

"म्हणूनच म्हणते. तिचा तेवढाच आहे." ती शांतपणे बोलत होती. "सव्वा वर्ष होती ती. फोटो नाही, भांडं नाही, अंगडं नाही. नाव होतं ते मी वापरलं. आता जन्म पण माझ्या नावावर करायचा? मग ती झालीच नव्हती म्हणायची."

मी काही बोललो नाही. हाताखालून गेलेली ती सारी एक जूनची पोरे मला आठवली. त्यांना खोटी तारीख दिली खरी, पण प्रत्येकाला एकेक दिली. एकाची काढून दुसऱ्याला दिली नव्हती. हा भेद मी शाळेत शिकवला नाही. तो मला माझ्याच घरात, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने शिकवला.

मग अर्ज सरळ केला. नोव्हेंबर १९५८ ची नक्कल लावली. या नावाने जन्माची नोंद आढळून येत नाही, असा दाखला घेतला. सरकार तुम्ही जन्मला नाहीत असे म्हणत नाही. 'आढळून येत नाही' म्हणते, आणि त्या शब्दांत बरीच माया आहे असे मला आता वाटते. आक्काने अंगठा न देता वळणदार सही केली. शाळेतली तारीख कशी पडली, याचा खुलासा मी स्वतः लिहून दिला. त्या विषयातला माझा अधिकार मोठा आहे. सेवा केंद्रातल्या माझ्या विद्यार्थ्याने एकेक कागद काचेवर ठेवून संगणकात चढवला. न्यू जर्सीहून आठ दिवस रागाचे फोन आले, नवव्या दिवशी आला तो वेगळा होता. तो म्हणाला, "आई, मावशीचं नाव तुझंच होतं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" ही म्हणाली, "मलाच कुठं माहीत होतं!" मग मायलेक कितीतरी वेळ बोलत राहिले. मी उठून ओसरीवर आलो.

मुलाखतीचे बोलावणे अजून आलेले नाही. फरकाबद्दल ते विचारतील; विचारू देत. पोलिसांचा दाखला मिळाला आहे. आमच्याविरुद्ध काही नाही, असे त्यात म्हटले आहे. गेलो तर जाऊ, नाही गेलो तर प्रवरेचा पूल आहेच. हिला अमेरिकेची ओढ आहे ती नातीपुरती. ती म्हणते, तिथल्या शाळेत तरी पोरीची तारीख बरोबर लिहिलेली असेल.

पेटी पुसून पुन्हा खाटेखाली गेली आहे. आता तिच्यात उसाच्या पावत्यांच्या वर एक नवा लखोटा आहे. मेच्या नोंदीची नक्कल, ऑगस्टच्या नोंदीची नक्कल आणि प्राध्यापकांनी केलेले ते इंग्रजी भाषांतर. मी विचारले होते, "हे कशाला जोडायचं?"

"कशालाच नाही," ही म्हणाली. "राहू द्या घरात."

भाऊबीजेला आक्का येणार आहे. हिचा पहिला खरा वाढदिवस त्याच्या आदल्या रात्री आहे. दीड वर्षाने तरुण झाल्याचे तिने अजून कोणाला सांगितलेले नाही, म्हणून मी इथे छापून टाकतो. मी मात्र माझा एक जूनच ठेवणार आहे. सतरा जणांत अठरावा. केक एकच लागतो.